समुद्राकाठच्या घरात लॅब्राडॉरचं पिल्लू : घाई कुठे करू नये

प्रश्न : रत्नागिरीजवळ खाडीकाठी आमचं घर आहे, अंगण मोठं आहे. ९ वर्षांची मुलगी दोन वर्षं कुत्र्यासाठी मागे लागली आहे. पाण्यात रमणारा म्हणून लॅब्राडॉर घ्यायचं ठरलं. घाटावरच्या एका ब्रीडरकडे ३५ दिवसांचा नर आहे. ते म्हणतात, "आईचं दूध सुटलंय, आत्ताच न्या म्हणजे लळा लागेल. डबल बोन आहे, कागद आहेत, गाडीने पाठवून देतो." सोबत कॅल्शियमची बाटली सुरू करा असंही सांगितलंय. पाऊस तोंडावर आहे. घ्यावं का? समुद्रावर कधीपासून न्यावं? सासूबाईंना घरभर होणाऱ्या केसांची चिंता आहे. आणि मुलगी विचारते, त्याला पोहायला शिकवावं लागतं का?

उत्तर : ताई, पिल्लू जरूर आणा, पण आणखी तीन आठवडे थांबून, आणि स्वतः जाऊन. गाडीने मागवू नका.

वीसेक वर्षं मी कोकणपट्टीत जनावरांचा डॉक्टर म्हणून काम करतो आहे. माझ्याकडे येणाऱ्या लॅब्राडॉरच्या तक्रारी पाहिल्या, तर निम्म्याअधिकांच्या मुळाशी पहिल्या सहा महिन्यांतली कसली तरी घाई असते. लवकर आणायची घाई, लवकर मोठं करायची घाई, लवकर पाण्यात घालायची घाई. तुमच्या पत्रात या तिन्ही दिसतात म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी वयाचं. कुत्र्यांच्या पैदास-विक्रीबद्दल केंद्र सरकारचे २०१७ चे नियम आहेत. त्यांप्रमाणे ८ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, आणि ब्रीडरची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी असावी लागते. नोंदणीचा क्रमांक मागा. टाळाटाळ झाली, तर तेच तुमच्या प्रश्नाचं उत्तर समजा. पण कायदा बाजूला ठेवला तरी पाचवा ते आठवा आठवडा पिल्लाच्या आयुष्यात फार मोलाचा असतो. भावंडांशी मस्ती करताना ते जोरात चावतं, भावंड केकाटतं, खेळ थांबतो. आईच्या अंगावर जास्त गेलं की ती गुरकावते. दात किती जोरात लावायचे हे ते इथे शिकतं. ३५ दिवसांत उचललेली पिल्लं चौथ्या-पाचव्या महिन्यात घरच्या मुलांचे हात फोडतात आणि मग "हा रागीट निघाला" म्हणून माझ्यापुढे येतात. तुमच्या घरात ९ वर्षांची मुलगी आहे. तिच्यासाठी हे तीन आठवडे थांबा. लळ्याची काळजी करू नका, आठ-दहा आठवड्यांचं पिल्लूही तितकंच जीव लावतं.

दुसरं कारण पार्व्हो, म्हणजे पिल्लांना होणारा उलट्या-हगवणीचा जीवघेणा विषाणूजन्य आजार. आईच्या चिकातून पिल्लाला जी प्रतिकारशक्ती मिळते, ती काही आठवड्यांनी ओसरू लागते. कुणाची सहाव्या आठवड्यात ओसरते, कुणाची चौदाव्या-पंधराव्यापर्यंत टिकते. ती असते तोवर लसही नीट लागू पडत नाही. म्हणून पहिली लस ६ ते ८ आठवड्यांच्या वयात देतात आणि मग दर ३-४ आठवड्यांनी १६ आठवडे पूर्ण होईपर्यंत पुन्हा देतात. "दोन इंजेक्शनं झाली, झालं आता" असं समजणारी घरं मी फार पाहिली. त्यांतल्या काहींची पिल्लं सलाईनवरून उठली नाहीत. एक पिल्लू आठवतं, ३२ दिवसांचं, रात्रभर खोक्यातून प्रवास करून आलेलं. तिसऱ्या दिवशी उलट्या, चौथ्या दिवशी रक्ताची हगवण, सहाव्या दिवशी गेलं. घरातला मुलगा त्याच्याशेजारी जमिनीवर बसून होता. पार्व्होचा विषाणू जमिनीत महिनोन् महिने टिकतो, म्हणून त्या घराला मी वर्षभर दुसरं पिल्लू आणू नका असं सांगितलं. रेबीजची लस तीन महिन्यांची झाल्यावर, आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी दरवर्षी. ती होण्याआधी खेळताना दात लागला तरी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची आणि मुलीला दवाखान्यात दाखवायचं. यात संकोच नको.

ब्रीडरकडे गेलात की पिल्लाआधी आई बघा. ती माणसाजवळ येते का, तिच्या चालीत लंगडेपणा आहे का, पिल्लं सिमेंटच्या कोंदट खोलीत आहेत की घरात माणसांच्या वावरात. आई दाखवत नसतील तर परत या. "डबल बोन" हा बाजारातला शब्द आहे. कुठल्याही कुत्र्याला दुप्पट हाडं नसतात. जाड पंजे आणि मोठं डोकं असलेलं गुबगुबीत पिल्लू म्हणजे डबल बोन, एवढाच त्याचा अर्थ, आणि लॅब्राडॉरमध्ये तो भारदस्तपणा खुब्याच्या सांध्यावर बसतो. केनेल क्लबचे कागद आई-बाप कोण ते सांगतात, सांधे कसे आहेत ते सांगत नाहीत. म्हणून आई-बापाच्या खुब्यांचे एक्स-रे काढलेत का, हे विचारा. आणखी एक विचारा : धावताना पाय लटपटून पडण्याचा त्रास त्या घराण्यात कुणाला आहे का? लॅब्राडॉरमध्ये हा आनुवंशिक दोष असतो. पाच ते पंधरा मिनिटं जोरात पळालं की मागचे पाय जातात, थोड्या वेळाने कुत्रा पुन्हा ठणठणीत होतो. जमिनीवर बहुधा त्यातून निभावतं. खोल पाण्यात तसं झालं तर कुत्रा बुडतो. रक्तावरून किंवा गालाच्या आतून फिरवलेल्या कापसाच्या बोळ्यावरून याची जनुकीय चाचणी होते. समुद्राकाठी राहणाऱ्याने ती करून घ्यावी असं माझं मत आहे.

नर की मादी यावर फार डोकं शिणवू नका. मोठा झाल्यावर नर साधारण ३० ते ३६ किलो, मादी २५ ते ३२ किलो. त्याहून जड कुत्रा म्हणजे बहुधा लठ्ठ कुत्रा.

आता कॅल्शियमच्या बाटलीबद्दल. हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे, कारण चांगली पिल्लं यात बिघडताना पाहिली आहेत. पिल्लू आणलं की कॅल्शियम सुरू, ही आपल्याकडची जणू रीतच झाली आहे. मोठ्या जातीचं पिल्लू सहा महिन्यांपर्यंत पोटात गेलेलं जास्तीचं कॅल्शियम बाहेर टाकू शकत नाही, आतडी ते ओढतच राहतात. मग कूर्चेचं हाड होण्याची प्रक्रिया विस्कटते, कोपर आणि खांद्याचे सांधे बिघडतात, पुढचे पाय वाकतात. मोठ्या जातीच्या पिल्लांसाठी असलेलं चांगलं तयार खाद्य देत असाल तर त्यात कॅल्शियम मोजून घातलेलं असतं, वरून एक थेंबही नको. पाकिटावर कॅल्शियमचं प्रमाण लिहिलेलं असतं. १.८ टक्क्यांवर असेल तर ते पाकीट ठेवून द्या.

याची दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर अर्धीच गोष्ट कळेल. घरचं खाणं द्यायचं असेल, म्हणजे कोंबडीचं मटण आणि भात, तर त्यात कॅल्शियम फार कमी पडतं. नुसत्या मांसावर वाढवलेल्या पिल्लाची हाडं उडी मारताना मोडलेली मी पाहिली आहेत. तिथे कॅल्शियम लागतंच, पण ते वजनावरून मोजून, डॉक्टरांकडून आहार लिहून घेऊन. दूध-भातावर लॅब्राडॉर वाढत नाही. पहिलं वर्षभर तयार खाद्य आणि वर थोडं उकडलेलं अंडं किंवा काटे काढलेला मासा, हे नव्या घराला सगळ्यात सोपं जातं.

किती खायला द्यायचं? भूक हा मापदंड ठेवू नका. केंब्रिजच्या संशोधकांना २०१६ मध्ये असं आढळलं की साधारण दर चार लॅब्राडॉरमागे एकात भूक भागल्याचा निरोप मेंदूला देणाऱ्या जनुकाचा एक तुकडाच गळालेला असतो. म्हणजे तो तुमच्याकडे पाहून लाळ गाळतो तेव्हा त्याला खरंच भूक लागलेली असते, पोट भरलेलं असलं तरी. सासूबाईंना हे आधीच समजावून सांगा, कारण पहिली पोळी त्यांच्याच हातून सुटणार. अमेरिकेत ४८ लॅब्राडॉर कुत्रे दोन-दोनच्या जोड्या लावून जन्मभर पाहिले होते. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खाणं मिळे. कमी खाणारे सरासरी पावणेदोन-दोन वर्षं जास्त जगले, आणि त्यांचे सांधेही उशिरा दुखू लागले. बरगड्यांवर हात फिरवल्यावर त्या बोटांना सहज लागल्या पाहिजेत, वरून पाहिल्यावर कंबर दिसली पाहिजे. शेजारचे "उपाशी ठेवता का हो?" म्हणाले, तर वजन बरोबर आहे असं समजा.

याच हावरटपणातून कोकणातला एक खास अपघात घडतो. मे महिन्यात माझ्याकडे उलट्या करणारा लॅब्राडॉर आला की मी आधी विचारतो, "आंबे कुठे खाता?" कोय गिळलेली असते. ती आतड्यात अडकते आणि पोट फाडून काढावी लागते. आंब्याच्या दिवसांत कोयी झाकणाच्या बादलीत जाऊ द्या. पावसात दाणे खाऊन टाकलेल्या मक्याच्या कणसाचंही तसंच. मनुका, द्राक्षं, चॉकलेट, कांदा हे विषासारखं समजा, शिऱ्यातल्या दोन मनुकासुद्धा वेचून काढा.

घरात फरशी गुळगुळीत असेल तर पिल्लाच्या वावरण्याच्या जागी जुन्या सतरंज्या किंवा पायपुसणी टाका. पाय घसरत घसरत वाढलेल्या पिल्लाचा खुबा सैल राहू शकतो. नॉर्वेत चार मोठ्या जातींच्या पाचशे पिल्लांवर अभ्यास झाला, त्यात लॅब्राडॉरही होता आणि न्यूफाउंडलंडही. पहिल्या तीन महिन्यांत रोज जिने चढणाऱ्या-उतरणाऱ्या पिल्लांत खुब्याचा दोष जास्त निघाला, आणि मऊ जमिनीवर मोकळं हुंदडणाऱ्यांत कमी. तेव्हा जिन्याला फळी लावा आणि अंगणातल्या मातीत त्याला मनसोक्त लोळू द्या. दोरीला बांधून दोन-दोन किलोमीटर पळवणं वर्ष-सव्वा वर्षाचा होईपर्यंत नको. खच्चीकरणही वाढ पुरी झाल्यावर करा. लॅब्राडॉरमध्ये सहा महिन्यांच्या आत ते केलं तर सांध्यांचे त्रास वाढतात.

आता पाणी, म्हणजे तुमच्या प्रश्नाचा गाभा.

नाव लॅब्राडॉर असलं तरी याचं मूळ आजच्या कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावरचं. तिथल्या कोळ्यांकडे सेंट जॉन्सचे पाणकुत्रे म्हणून लहान केसांचे काळे कुत्रे असत. गळाला लागलेला मासा निसटला की पाण्यात उडी टाकून तो आणायचा, जाळ्याची दोरी ओढायची, ही त्यांची कामं. एकोणिसाव्या शतकात ते मासळीच्या गलबतांतून इंग्लंडला गेले. तिथल्या उमरावांनी त्यांना शिकारीत पडलेले पक्षी आणायला वापरलं आणि १९०३ मध्ये इंग्लंडच्या केनेल क्लबने या जातीला मान्यता दिली. पाणमांजरासारखी जाड शेपूट, बोटांमधला पडदा, तेलकट दुहेरी केस हे सगळं त्या बर्फाळ पाण्यातलं देणं. तेव्हा पाण्याची ओढ त्याच्या रक्तात आहे हे खरं. पण तो अंगरखा थंडीसाठी शिवलेला आहे, आणि तुम्ही त्याला दमट कोकणात आणताय. आपल्याकडच्या हवेत धापा टाकूनही त्याचं अंग पुरेसं गार होत नाही. एप्रिल-मेमध्ये फिरणं उजाडताना आणि दिवेलागणीनंतर. खूप धापा, लाल हिरड्या, झोकांडी दिसली तर नळाचं साधं पाणी अंगभर ओता, पंखा लावा आणि लगेच दवाखाना गाठा.

या पावसाळ्यात त्याला पाण्यात अजिबात घालू नका. पिल्लू जूनअखेर आठ आठवड्यांचं होईल, शेवटची लस ऑगस्टच्या शेवटी पडेल. तोवर बाहेरची डबकी म्हणजे लेप्टोची भीती. उंदराच्या मुतातून हे जंतू साचलेल्या पाण्यात जातात. २००५ च्या पुरानंतर मुंबईत याची किती माणसं आजारी पडली ते आठवत असेल. कुत्र्याला कावीळ होते, मूत्रपिंडं जातात, आणि त्याच्या लघवीतून घरच्यांनाही लागण होऊ शकते. लसीत लेप्टोचा भाग आहे का हे नाव घेऊन विचारा. त्याचे दोन डोस लागतात आणि पुढे दरवर्षी एक. खाडीकाठच्या घरात ही लस चुकवायची नाही.

पावसाळ्याच्या आगेमागे गोचीड येते. बोटाने चिरडू नका. महिन्याची किंवा तीन महिन्यांची गोळी मिळते, पिल्लाच्या वजनाप्रमाणे डॉक्टर देतील. गोचीडतापात कुत्रा आधी नुसता मलूल होतो, खाणं सोडतो. लॅब्राडॉरने जेवण सोडलं तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका.

नारळी पौर्णिमेला दर्या शांत होतो म्हणतात आणि होड्या निघतात, पण पिल्लाच्या दृष्टीने तो तेव्हाही फार खवळलेला असतो. माझ्या मते त्याचं पहिलं समुद्रस्नान दिवाळीनंतर व्हावं. तेव्हा ते सहा महिन्यांचं असेल, लसी पुऱ्या झालेल्या असतील, लाटा बसलेल्या असतील. भाट्ये किंवा मांडवीला न्याल तर पहाटे गर्दी नसताना, ओहोटी संपून पाणी चढू लागतानाच्या सपाट पाण्यात. ओहोटीची ओढ असताना नको, खाडीच्या तोंडाशी तर कधीच नको, तिथली ओढ मोठ्या कुत्र्यालाही बाहेर नेते. प्यायचं गोडं पाणी सोबत ठेवा. खारं पाणी ढोसलं की हगवण ठरलेली, आणि फार प्यालं तर झटकेही येतात. गोड्या पाण्यातही तासभर चेंडू आणायला लावू नका. दर फेरीला तोंडातून घोट घोट पाणी जातं आणि त्याने रक्तातलं मीठ उतरतं. दहा मिनिटं खेळ, मग सावलीत आराम. किनाऱ्यावर जाळी झाडतात तिथे दोरी सोडू नका. गळ आणि जाळ्यांतून टाकून दिलेले केंड मासे तिथे पडलेले असतात, केंडाचं विष जिवावर बेततं.

एक गोष्ट पाहून घाबराल म्हणून आधी सांगतो. पोहून आल्यावर दुसऱ्या दिवशी कधीकधी लॅब्राडॉरची शेपूट मोडल्यासारखी लोंबते, बुडाशी हात लावला की तो कळवळतो. बहुतेक वेळा हाड मोडलेलं नसतं. थंड पाण्यात शेपटीचा फार वापर झाल्याने स्नायू दुखावतो. विश्रांती आणि डॉक्टरांनी दिलेली दुखण्याची गोळी यांनी काही दिवसांत उतरतं. माणसांची क्रोसिन, ब्रुफेन घरच्या घरी द्यायची नाही.

केसांबद्दल सासूबाईंना खरं सांगा : गळतात, वर्षभर गळतात, आणि वर्षातून दोनदा तर गुठळ्याच निघतात. रोज अंगणात पाच मिनिटं रबरी ब्रशने विंचरलं तर घरात निम्मे येतात. जेवणाची आणि देवघराची जागा पहिल्या दिवसापासून बंद ठेवली तर तो ती मर्यादा आयुष्यभर पाळतो. केस अगदीच चालणार नसतील, तर ते आत्ताच ठरवा. सहा महिन्यांनी ठरवलं तर त्याची शिक्षा त्याला होते. पुण्या-मुंबईत सोडून दिलेल्या जातिवंत कुत्र्यांत लॅब्राडॉर पुष्कळ दिसतात, त्यांतले बरेचसे वर्ष-दीड वर्षाचे, ऐन दांडगाईच्या वयातले. पिल्लूच हवं असा हट्ट नसेल तर असा एखादा शांत, मोठा लॅब्राडॉर घरी आणणं मला जास्त आवडेल. त्याचा स्वभाव आणि सांधे दोन्ही समोर दिसतात. तुमच्या मुलीला दोन्ही पर्याय दाखवा. पिल्लू आणलं तर ते बारा-तेरा वर्षं जगेल, तेव्हा ती शिकून घराबाहेर पडलेली असेल आणि म्हाताऱ्या कुत्र्याला उचलून पायऱ्या तुम्हालाच उतरवाव्या लागतील.

आणि आता तिच्या प्रश्नाचं उत्तर. हो, शिकवावं लागतं. ओढ असते, पण कौशल्य यावं लागतं. उचलून पाण्यात टाकायचं नाही, एकदा घाबरला की दोन-दोन वर्षं पाण्याजवळ जात नाही. तू आधी स्वतः घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहा, आईचा हात धरून. त्याला हाक मार आणि वाट बघ. पहिल्या दिवशी तो फक्त पाय भिजवून परत पळेल, तेवढं पुरे. पोटाखाली पाणी आलं की तो पुढचे पंजे पाण्यावर आपटेल आणि मागची बाजू खाली जाईल. तेव्हा बाबांनी त्याच्या पोटाखाली हात द्यायचा, म्हणजे पाठ वर येते आणि मागचे पाय चालू लागतात. पाठीवर पकडायला कडी असलेलं छोटं लाइफ जॅकेट मिळालं तर फारच छान. तीन-चार दिवसांत त्याचं त्यालाच जमेल. घरी आलात की आधी गोड्या पाण्याने आंघोळ, मग मऊ कापडाने कानाच्या पाळीची आतली बाजू कोरडी करायची, बोट जाईल तेवढंच, काडी घालायची नाही. कान लाल दिसला, वास आला किंवा तो सारखं डोकं झटकू लागला, तर त्या आठवड्यात पाणी बंद आणि त्याला माझ्यासारख्या कुणाकडे तरी घेऊन जायचं.